उन्हाळी शिबिराची कामवही : फेब्रुवारी ते जून २०२४

१८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर चर्चच्या तरुण संघाची बैठक झाली. मुलांचं शिबिर ६ ते ११ मे, सोमवार ते शनिवार. १२ तारखेच्या रविवारी मुलांचं सादरीकरण मंडळीपुढे.

तारखा हवामान आणि शेती पाहून धरल्या. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आटोपतात, निकाल महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे लागतो. २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात पत्र्याच्या छताखाली मुलं बसवणं जिवाशी खेळ आहे. विदर्भातल्या शाळा जून सरता सरता उघडतात, म्हणून जून मोकळा वाटतो. पण मृग लागला की गटप्रमुख पेरणीला जातात आणि शिबिराला हात उरत नाहीत. म्हणजे मेचा पहिला पंधरवडाच.

९ मे, गुरुवार स्वर्गारोहण दिन आहे, येशू स्वर्गात गेला तो दिवस. तो शिबिराच्या चौथ्या दिवशी येतो, म्हणून पाठमाला त्याच्याभोवती बांधायची. विषय मेंढपाळ. सोमवारी बायबलमधलं स्तोत्र २३, मंगळवारी लूक १५ मधलं हरवलेलं मेंढरू, बुधवारी योहान १०, गुरुवारी प्रेषितांची कृत्ये १, शुक्रवारी योहान २१. शनिवारी नवा पाठ नाही, उजळणी आणि सराव.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

गटप्रमुख म्हणून बारा तरुणांची नावं पक्की झाली, सात मुली आणि पाच मुलगे, वय १८ ते २५. मुलांची अंदाजे संख्या ६० ते ६५. गट तीन: ५ ते ८, ९ ते १२, १३ ते १७. मुक्कामाला फक्त मोठा गट आणि दूरच्या वस्त्यांवरची ९ ते १२ ची मुलं. लहान गट सकाळी येणार आणि साडेदहाला जेवून घरी जाणार.

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, ठळक अक्षरात. त्यात मुलाचा आजार, चालू औषध, कशाची ॲलर्जी, दोन मोबाइल नंबर आणि घरी न्यायला कोण येणार त्याचं नाव. ख्रिस्ती नसलेल्या घरांतली मुलंही शेजारपाजारून येतात. त्यांच्या आईवडिलांना समोर बसून सांगायचं की इथे बायबलचे पाठ आणि प्रार्थना असते. सही आल्याशिवाय ते मूल पाठाला बसवायचं नाही. खाऊ, वही, कंपास दाखवून कोणालाही बोलवायचं नाही. विश्वासाची गोष्ट मोकळेपणानेच सांगावी लागते, आणि गावात सलोखा राहतो तो अशाच वागण्याने.

मुलांच्या सुरक्षेचे नियम पॉक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) डोळ्यांपुढे ठेवून लिहिले. कुठल्याही खोलीत एका मोठ्यासोबत एकटं मूल नको. निदान दोन मोठे किंवा दार सताड उघडं. मुलींचा मुक्काम पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बंगल्यात, सोबत महिला मंडळातल्या दोघी. मुलांचा मुक्काम हॉलमध्ये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर दोन्ही ठिकाणी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. बारा जणांनी नियम वाचून सह्या केल्या. पाळकसाहेबांनीही केली, नियम सगळ्यांना सारखा.

७ एप्रिल, रविवार

गटप्रमुखांचं पहिलं प्रशिक्षण, चार तास.

यवतमाळात १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. बाहेरून शिकवणारा आणायचा तर लांबून आणावा लागतो, आणि तो शनिवारी परत जातो. म्हणून पाठ गावातल्याच तरुणांनी घ्यायचे. ही काटकसर नाही. सोमवारचा पाठ ज्याने घेतला तोच जुलैतही त्या मुलाला रस्त्यात भेटतो, यातच शिबिराचं बळ आहे.

छापील पाठपुस्तिकेतली भाषा शहरी आहे. ती हातात धरून वाचली की मुलांची नजर पाचव्या मिनिटाला पंख्याकडे जाते. पाठ ३५ मिनिटांचा: गीत ५, कालची उजळणी ५, गोष्ट १२, वचन ५, प्रश्न ८. गोष्ट बारा मिनिटांच्या वर न्यायची नाही आणि पुस्तिका खाली ठेवूनच सांगायची.

स्तोत्र २३ मध्ये एक अडचण सरावातच सापडली. चौथ्या ओवीत 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' असं आहे. आकडी म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे येते ती आकडी येणं, म्हणजे झटके. त्याने कोणाला धीर कसा येईल? खुलासा गावातच आहे. शेळ्यांसाठी बाभळीची फांदी खाली ओढायला लांब बांबूच्या टोकाला वाकडा लोखंडी गज बांधतात, ती आकडी. तसाच वाकडा दांडा मेंढपाळाच्या हातात. खड्ड्यात पडलेलं कोकरू ओढून घ्यायला. काठी लांडग्यासाठी. दोन्ही वस्तू घरून आणून मुलांच्या हातात द्यायच्या, मग ओवी म्हणवून घ्यायची. 'उणे' हा शब्दही सांगावा लागतो. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही' हे मुलं घडाघडा म्हणतात, पण उणे म्हणजे कमी हे निम्म्यांना माहीत नसतं.

पीक निघाल्यावर धनगर शेतात मेंढ्या बसवतात, शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो, रानाला खत मिळतं. हे इथल्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं आहे. योहान १० मधलं 'मी दार आहे' हे त्यावरूनच सांगायचं: रात्री जाळीच्या वाड्याच्या तोंडाशी धनगर स्वतः आडवा पडतो, त्याला ओलांडल्याशिवाय आत काही शिरत नाही.

सरावात सगळ्यांच्या दोन चुका दिसल्या. एक, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तात्पर्य सांगून टाकणं. दुसरी, 'देव आपल्यावर प्रेम करतो, हो ना?' अशा तऱ्हेचे प्रश्न. त्यावर सगळे एका सुरात 'हो' म्हणतात आणि कोणाला काय कळलं ते कळत नाही. त्यापेक्षा विचारा: नव्व्याण्णव मेंढरं त्याने रानात कोणाच्या भरवशावर सोडली? यावर मुलं भांडतात, आणि भांडता भांडता गोष्टीत शिरतात.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. बैठक नाही. मिरवणुकीच्या वाटेवर पाणी द्यायला तरुण संघाचे आठ जण.

२१ एप्रिल, रविवार

पाण्याचा हिशेब. मुक्कामी ४४ जण (३२ मुलं, १२ गटप्रमुख), अंघोळ आणि संडास मिळून माणशी २५ लिटर, म्हणजे ११००. पिण्याचं ८० जणांना माणशी ५ लिटर, ४००. स्वयंपाक आणि भांडी ४००. दोन कुलर पाच तास चालले तर अंदाजे १२०. दिवसाला दोन हजारांच्या वर. आवारातली बोअरवेल मिनिटाला २० लिटर देते, म्हणजे वीज असेल तर पावणेदोन तासांत दिवसाचं पाणी. वीज नसेल त्या दिवसासाठी १००० लिटरच्या दोन टाक्या आदल्या रात्रीच भरून ठेवायच्या, आणि पाच हजारांचा टँकर सांगून ठेवायचा.

पिण्याच्या टाकीला १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. सरळ टाकीत टाकू नये, गुठळ्या तळाशी बसतात. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. तासाभराने ओटी चाचणी; पाण्यात क्लोरीन असेल तर तिच्यात पिवळा रंग येतो. आज रंग आलाच नाही. पिशवी गेल्या वर्षीची, तोंड उघडं राहिलेलं. ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि हातात नुसता चुना उरतो. ग्रामपंचायतीकडून ताजी पावडर घेतली, तेव्हा फिकट पिवळा रंग आला.

संध्याकाळी हॉलच्या पत्र्याला चुना मारला. पत्रा ३० बाय २० फूट. चुना १२ किलो रात्रभर भिजवलेला, मीठ १ किलो, फेविकॉल अर्धा किलो, दोन हात. चुनकळी भिजवताना उकळते आणि उडते, म्हणून चष्मा लावून आणि पोरांना लांब ठेवून. सूर्य कलल्यावरच मारायचा. दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर तो क्षणात सुकतो, धरत नाही आणि दुसऱ्या दिवशी भुकटी होऊन गळतो. छतावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरायचं यंदा टाळलं. थंडावा चांगला येतो, पण विंचू होतात.

२७ एप्रिल, शनिवार

काल यवतमाळ-वाशीमचं मतदान झालं. त्याआधी गाड्या, मंडप, खुर्च्या काहीच मिळत नव्हतं. आज मंडपवाल्याकडून हिरवी नेट, २० बांबू, ६ सतरंज्या ठरल्या. आचारसंहिता मतमोजणीपर्यंत, म्हणजे ४ जूनपर्यंत आहेच. त्यामुळे भोंग्यासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी, आवाज आवारातच, कोणी पुढारी पाहुणा नाही, कोणाच्या नावाच्या टोप्या किंवा पाण्याच्या बाटल्या नाहीत. पोलीस पाटलांना कार्यक्रमपत्रिका दिली.

महिला मंडळाने घरोघरचं धान्य गोळा केलं: गहू ४२ किलो, तांदूळ ३५, तूरडाळ १४. मुलामागे शुल्क १५० रुपये, एका घरची दोन असतील तर दुसऱ्याचं ७५.

४ मे, शनिवार

मांडणी. दोन कुलर हॉलच्या कोपऱ्यात ठेवून चालवून पाहिले. अर्ध्या तासात हवा दमट, फरशी ओलसर, अंग चिकट. कुलर आतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढतो, तिच्यात आधीच ओल असते, मग गारवा कसा येणार? दोन्ही कुलर पश्चिमेच्या खिडक्यांत बाहेरून बसवले आणि समोरच्या खिडक्या हातभर उघड्या ठेवल्या. कोरडी हवा आत, दमट हवा बाहेर. दुपारी दोनला बाहेर सावलीत ४३, आत ३५.

कुलरच्या शॉकने विदर्भात उन्हाळ्यात माणसं मरतात, म्हणून इथे हयगय नाही. अर्थिंग टेस्ट लॅम्प लावून तपासलं. एकाचं नव्हतंच, तार टाकून घेतली. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. भरणारी दोनच माणसं, पायात रबरी चप्पल. कुलरपासून चार फुटांवर दोरी, मुलं आत जाणार नाहीत.

६ मे, सोमवार

नोंदणी ६४. लहान गट २१, मधला २५, मोठा १८.

दिनक्रम उन्हापुढे झुकवलेला आहे. उठणं ५, प्रार्थना साडेपाच, खेळ ६ ते ७, पोहे, पाठ साडेसात ते दहा, जेवण साडेदहा. १२ ते ४ हॉलच्या बाहेर पाऊल नाही: झोप, हस्तकला, बैठे खेळ. साडेपाचनंतर मैदान, साडेसातला जेवण, रात्री भजन, साडेनऊला दिवा बंद.

पोह्यांचा हिशेब फसला. ८० जणांना ५ किलो पुरले, पण सगळे एकदमच भिजवले. सकाळी सहालाच कोरडा वारा. शेवटच्या वीस ताटल्यांत पोहे चामट. उद्यापासून दोन घाणे, मधे वीस मिनिटं.

७ मे, मंगळवार

फ्लॅनेल बोर्डावरची (कापडी फळ्यावर चिकटवायची) चित्रं पंख्याच्या वाऱ्याने गळत होती. चित्रामागे जुन्या पॉलिश पेपरचा दोन बोटं रुंद तुकडा चिकटवला, खरबरीत बाजू बाहेर. आता बोर्ड थोडा मागे कलवला की चित्र बसून राहतं.

हस्तकला: कापसाचं मेंढरू. कापूस घरचाच, अर्धा किलो. सरकी काढल्यावर तिसरा हिस्सा रुई उरते, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या वर, एका मेंढराला ३ ग्रॅम धरली तर पन्नास मुलांना पुरते. सरकी काढायचं काम मुलांनाच दिलं. वीस मिनिटं हॉल शांत. सरकीसकट चिकटवला तर बोंडाचा गोळा पुठ्ठ्याला धरत नाही, लोंबतो. फेविकॉलवर वाऱ्याने दोन मिनिटांत साय येते, मग रुई वरवर बसते आणि संध्याकाळी मेंढरू बोडकं होतं. म्हणून आधी पाय आणि तोंड काढून घ्यायचं, मग एका वेळी रुपयाएवढ्याच जागेवर फेविकॉल लावून लगेच रुई दाबायची.

दुपारी पन्हं, ८० पेले: कैऱ्या ४ किलो उकडून, गूळ साडेतीन किलो, मीठ १०० ग्रॅम, जिरेपूड, पाणी १३ लिटर. बर्फ बाहेरून विकत आणून त्यात टाकायचा नाही; तो कुठल्या पाण्याचा आहे ते कळत नाही. माठातलं पाणी पुरे गार असतं.

८ मे, बुधवार

मधल्या गटातल्या एका मुलाला दहाच्या सुमारास डोकेदुखी आणि मळमळ. सकाळपासून लघवीला गेलेला नव्हता. सावलीत निजवून, मानेला आणि काखेत ओलं फडकं, आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घोटघोट पाजलं. तासाभरात उठून बसला. अशा वेळी घाम थांबून अंग तापलं किंवा मूल बरळू लागलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईस्तोवर अंगावर पाणी आणि वारा. आजपासून दर तासाला घंटा, आणि घंटेला प्रत्येकाने एक पेला प्यायचा. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. गटप्रमुख सकाळी आणि दुपारी लघवीचं विचारून वहीत खूण करतील.

संध्याकाळी साडेसहाला वावधन, म्हणजे वादळी वारा, आलं. हिरव्या नेटने शीड धरलं, दोन बांबू उपटले. चारही बाजू ताणून सुतळीने पक्क्या बांधल्या होत्या, ती चूक. पुन्हा बांधताना वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे पक्के, समोरचे दोन जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्यांनी. वारा आला की नेट ढिली होऊन वारा सोडते. आकाश काळं दिसताच मुलं हॉलमध्ये घेतली होती, म्हणून कोणाला लागलं नाही. विजेचा इशारा पाहायला दामिनी ॲप दोघांच्या मोबाइलवर आहे. कडुलिंबाखाली कोणालाही थांबू दिलं नाही.

९ मे, गुरुवार, स्वर्गारोहण दिन

पहाटे पावणेसहाला आवारात उघड्यावर उपासना. येशू वर घेतला गेल्यावर शिष्य आकाशाकडे पाहत उभे राहिले आणि दोघा पुरुषांनी त्यांना हटकलं, तेवढाच भाग घेतला. मुलांना एकच प्रश्न दिला: मग ते कुठे गेले? उत्तर त्यांनीच बायबल उघडून शोधलं: यरुशलेमेला, माडीवरच्या खोलीत, एकचित्ताने प्रार्थना करायला. दहा दिवसांनी पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण; त्याची तयारी इथूनच.

पेटीबद्दल. भजनाला पुरुष काळी एकमध्ये सूर धरतात; मुलांना तो खाली पडतो आणि ती पुटपुटत राहतात. आज सूर काळी चारला नेला. तीच मुलं, तेच भजन, आवाज हॉल भरून. कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांतून ख्रिस्तभक्ती मराठी केली. ती टाळावरच शोभते. कीबोर्ड बाजूला ठेवला, टाळांच्या सहा जोड्या मुलांच्या हातात दिल्या. लय धावते, ती आवरायला टाळ धरणाऱ्या मुलांसमोर तबलजी बसवावा, मागे नको.

१० मे, शुक्रवार

मोठ्या गटासाठी १ तीमथ्य ४:१२. 'कित्ता हो' हे शब्द मुलांना परके. फळ्यावर बोलून उपयोग नव्हता, म्हणून दुरेघी वह्या आणल्या. वरची ओळ मोठ्या गटातल्याने लिहायची, खालच्या ओळींत लहान गटातल्याने ती गिरवायची. एकाने घाईत 'प्रीती'ची पहिली वेलांटी ऱ्हस्व काढली. खालच्या सहा ओळींत लहान मुलीने सहा वेळा तीच ऱ्हस्व वेलांटी काढली, अगदी मन लावून. वही त्या मुलापुढे ठेवली. त्याने खोडरबर मागितलं. पण सहा ओळी तिच्या होत्या, त्या त्याला पुसता येईनात. त्यानंतर कित्ता म्हणजे काय हे कोणाला समजवावं लागलं नाही.

योहान २१ चा पाठ याच्या लगेच घेतला. 'माझी कोकरे चार' (म्हणजे चरायला ने) हे येशूने पेत्राला सांगितलं ते त्याने येशूला नाकारल्यानंतर, हे मोठ्या गटाला नेमकं पोचलं. हे दोन पाठ पुढच्या वर्षीही लागोपाठच ठेवावे.

रात्री तूरडाळीचं वरण उरलं होतं. सकाळपर्यंत ठेवायचं नाही, टाकून दिलं. दुपारचं शिजवलेलं रात्री नाही आणि रात्रीचं सकाळी नाही, हा नियम मावशींनी सोमवारपासून पाळला आणि पाच दिवसांत एकही पोट बिघडलं नाही.

१२ मे, रविवार

सादरीकरण ४० मिनिटांत. ५८ मुलं हजर. पूर्ण स्तोत्र २३ पाठ: ३७. कुलर रिकामे करून पालथे घातले, नाहीतर डास. सायंकाळी मंडप परत.

१९ मे, पेंटेकॉस्टचा रविवार

शास्त्रपाठ आणि प्रार्थना मोठ्या गटातल्या चौघांनी चालवल्या. तीन वस्त्यांवर संडे स्कूल नाही, तिथली १९ मुलं शिबिराला आली होती. प्रत्येक वस्तीला दोन गटप्रमुख वाटून दिले. एकटा कोणी जाणार नाही, नियम शिबिरातलाच.

९ जून, रविवार

मृग लागला. रविवारी सकाळी दोन वस्त्यांवर कोणी नाही. गटप्रमुख आणि मुलं दोघंही शेतात, सरकी टोबायला. सकाळची वेळ धरून बसलो तर सप्टेंबरपर्यंत वर्ग बंद पडेल. वेळ संध्याकाळी सातची केली, ३५ ऐवजी २० मिनिटं: एक भजन, गोष्ट, वचन. प्रश्न चालता चालता, मुलांना घरी सोडताना.

१६ जून, रविवार

तिन्ही वस्त्या झाल्या: ७, ११, ६ मुलं. एकच फ्लॅनेल बोर्ड तिन्हीकडे फिरतो, म्हणून पत्र्याची पेटी केली. आत बोर्ड दुमडून, चित्रांची पाच पाकिटं, टाळांच्या दोन जोड्या, चार्जिंगचा दिवा, हजेरीवही, दुरेघी वह्या सहा, आणि वरून प्लास्टिकचा कागद, कारण पावसात चित्रामागचा पॉलिश पेपर सुटतो. पेटी सोमवारी पहिल्या वस्तीवर, बुधवारी दुसऱ्या, शुक्रवारी तिसऱ्या; पोचवणाऱ्याने वहीत तारीख घालून सही करायची. तिसऱ्या वस्तीवर वीज नव्हती, वर्ग दिव्यावर झाला. पुढच्या खेपेला आकडी न्यायची आहे, तिथल्या सहापैकी दोघं शिबिराला आलेली नव्हती.